उन्हाळ्याचा मुक्काम

होळीची राख निवली की आमच्याकडे घरातल्या वस्तू आपापल्या जागा सोडू लागतात. हिवाळाभर न्हाणीमागे पालथा पडलेला माठाचा स्टँड छपरीत येतो, गोधड्या आणि ब्लँकेटे ऊन दाखवून पेटीत जातात, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाजा आडव्या होतात, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला कूलर उतरवण्यासाठी घरातली दोन धडधाकट माणसे एकाच वेळी घरी सापडण्याची वाट पाहिली जाते. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात यासाठी कोणी तारीख ठरवत नाही. एका घरातून कूलर धुतल्याचे पाणी गल्लीत वाहत आले की बाकीची घरे आपोआप कामाला लागतात.

विदर्भाच्या उन्हाची ख्याती सर्वदूर आहे. 2019 च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 48 अंशांवर गेला होता, नागपुरात 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंशांची नोंद झाली होती, आणि आमच्या वर्धा जिल्ह्यात 45 अंश म्हटले तर कोणी वर मान करूनही पाहत नाही. पुण्या-मुंबईचे नातेवाईक मे महिन्यात फोन करतात तेव्हा त्यांच्या आवाजात आमच्याविषयी काळजी असते. ती प्रेमापोटी असते, म्हणून गोड वाटते. परंतु मला हा ऋतू मनापासून आवडतो, आणि तो का आवडतो हे एकदा नीट लिहून काढावे असे पुष्कळ दिवसांपासून मनात होते. पावसाळ्यात आमची माणसे वावराची असतात, दसऱ्यानंतर ती कापसाच्या वेचणीची आणि बाजाराची होतात. उन्हाळा हा एकच ऋतू माणसांना घराजवळ आणि एकमेकांजवळ आणून बसवतो, कारण ऊन चुकवायचे असेल तर सगळ्यांना एकाच सावलीला यावे लागते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही सावली मात्र वरचेवर बदलत गेली. छपराचे कवेलू, म्हणजे कौले, गेले आणि स्लॅब आला, अंगण आटले आणि गच्ची मिळाली, विहिरीच्या वाटेवरचे पाणी दारात आले. प्रत्येक बदलानंतर घरातल्या माणसांनी नव्या सावलीत बसण्याची, झोपण्याची आणि बोलण्याची आपली जागा पुन्हा शोधून काढली. मला या शोधाचे फार अप्रूप वाटते.

दिवसाची घडीच या ऋतूत वेगळी पडते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे मार्चपासूनची सकाळची शाळा माझ्या अंगवळणी पडली आहे. राज्यात इतरत्र जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, तेव्हा विदर्भातल्या मुलांना उन्हामुळे महिनाअखेरीच्या आसपासपर्यंत सुटी असते, आणि ही जादाची सुटी आमच्या मुलांना आपला वडिलोपार्जित हक्क वाटते. उन्हाळ्यात गाव पहाटे पाचला उठते. दहाच्या आत पोळ्या-भाजी उरकून गॅस बंद होतो. अकरानंतर डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एखादाच मोटारसायकलवाला रस्त्याने जाताना दिसतो, आणि चार वाजेपर्यंत सारी दारे लोटलेली असतात. एरवी कधीच न मिळणारी ही दुपार इथे ऊन स्वतःच्या हाताने माणसाला देऊन जाते, आणि कामाला जुंपून घेण्याची सवय लागलेल्या बाईला तर ती अमोलिक वाटते. उन्हाळ्याच्या दुपारी आडवे झालेल्या सुनेला आमच्या गावात कोणी नावे ठेवत नाही.

आमचे जुने घर मातीचे होते. दीड हात रुंदीच्या भिंती, सागाचे फाटे, त्यांवर बांबूच्या कामट्या आणि वर देशी कवेलू असा त्याचा थाट होता. जाड भिंतींतून ऊन आत झिरपायला संध्याकाळ होई, आणि आतली गरम हवा कवेलूंच्या सांदींतून निसटून जाई. आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला 1936 साली गांधीजी राहायला आले. तिथली बापू कुटी आजही माती, बांबू आणि कवेलूंच्या याच रीतीने उभी आहे. मे महिन्यात पाहुणे आले की आम्ही त्यांना हटकून तिथे नेतो. बाहेर फुफाटा असताना त्या ठेंगण्या पडवीतून आत गेलेला माणूस चटईवर बसतो आणि लवकर उठत नाही, हे मी नेहमी पाहिले आहे.

तरीही आम्ही मातीचे घर सोडले आणि स्लॅब टाकला, आणि त्याबद्दल माझ्या मनात यत्किंचितही हळहळ नाही. गावात वानरांचे कळप वाढले, आणि एक कळप छतावरून उड्या मारत गेला की पाच-पन्नास कवेलू फुटत. मिरगाच्या आधी कवेलू फेरून देणारी माणसे म्हातारी झाली, त्यांच्या मुलांनी ते काम घेतले नाही, आणि देशी कवेलू भाजणारी भट्टीही गावात उरली नाही. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात किमान 25 चौरस मीटरच्या पक्क्या घरासाठी सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये मिळू लागले, तेव्हा आमच्या गल्लीत एकामागून एक घरकुले उभी राहिली. त्या आधीच आम्हीही माझ्या पगारावर कर्ज काढून आमचे घर बांधून घेतले होते. मातीच्या घरांचे गुण दुरून गाणाऱ्यांचे म्हणणे मी ऐकून घेते, कारण ते गुण खरे आहेत. पण आषाढातल्या रात्री गळक्या छताखाली गंज आणि पराती मांडून, झोपलेल्या लेकरांना कोरड्या कोपऱ्यात सरकवत ज्या बायांनी पाऊस काढला आहे, त्यांना स्लॅबचे मोल विचारावे.

स्लॅबचा स्वभाव मात्र कवेलूंच्या अगदी उलट आहे, आणि तो समजून घ्यायला आम्हाला थोडा अवधी लागला. काँक्रीट दिवसभर ऊन साठवून घेते आणि रात्री ते सावकाश परत करते. बाहेर कडुनिंबाखाली वारा गार झालेला असतो, त्याच वेळी खोलीतली भिंत पाठ टेकवू देत नाही. मग गावाने हळूहळू उपाय शोधले. गच्चीवर दरवर्षी चुन्याचा जाड हात फिरवायचा, म्हणजे पांढऱ्या रंगावरून बरेचसे ऊन परतून जाते. आणि दिवे लागणीच्या सुमारास गच्चीवर पाणी मारायचे. पहिल्या बादलीला गच्ची चर्र आवाज करते, तापल्या सिमेंटचा ओला वास वर येतो आणि पाय ठेवण्याजोगी जागा होते. हे काम मुलांकडे असते. त्यात निम्मे पाणी गच्चीवर आणि निम्मे एकमेकांच्या अंगावर जाते, आणि त्याबद्दल उन्हाळ्यात कोणी कोणाला रागावत नाही.

या सगळ्या बदलांत घराचा मध्य जर कुठे असेल तर तो कूलरमध्ये आहे. लोखंडी पत्र्याचा मोठा डबा, त्याच्या तीन बाजूंना ताट्या, आत पंखा, तळाशी पाण्याची टाकी, आणि ते पाणी वर चढवून ताट्यांवर सोडणारी एवढीशी मोटर. ताट्यांमधले गवत दरवर्षी बदलावे लागते, कारण आमच्या बोअरचे पाणी जड आहे आणि मोसम संपेपर्यंत जुन्या गवतावर क्षारांचा पांढरा कडक थर बसलेला असतो. मार्चअखेरीला बाजारात लाकडाच्या लांब, कुरळ्या पातींचे गठ्ठे येतात. त्यालाच आम्ही कूलरचे गवत म्हणतो. ते मोकळे करून जाळीत भरणे हे धीराचे काम आहे. कुठे विरळ राहिले तर तिथून कोरडी गरम हवा थेट आत येते, आणि फार दाबून भरले तर हवाच येत नाही. आमच्याकडे हे काम माझे यजमान करतात. छपरीत पाय पसरून बसायचे, गवताची एकेक मूठ पिंजून जाळीच्या कोपऱ्यापासून लावत यायची, मग ताटी उजेडासमोर उभी धरून कुठून उजेड जास्त येतो ते पाहायचे आणि तिथे आणखी चिमूटभर गवत सारायचे. वरच्या पन्हाळीची बुजलेली भोके खराट्याच्या काडीने मोकळी केली की मोटर सुरू करतात. पाणी ताटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे उतरले, कुठे कोरडा पट्टा राहिला नाही, की ते काही न बोलता माझ्याकडे पाहतात आणि मी चहा टाकते.

पहिल्या दिवशीचा तो ओल्या लाकडाचा वास मला अत्यंत प्रिय आहे. माझे सासरे होते तेव्हा दारांना वाळ्याच्या ताट्या बांधत आणि दुपारी त्यांवर पाणी शिंपडत. वाळा म्हणजे नदीकाठी वाढणाऱ्या एका गवताची मुळे, आणि त्यांचा सुगंध मातीशी फार जवळचा असतो. आता वाळा महाग झाला आहे, म्हणून त्याची एक लहान जुडी आम्ही माठात सोडतो. वास राहिला, फक्त तो दारातून माठात गेला.

कूलर चालतो तो निव्वळ पाण्याच्या उडून जाण्यावर. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती ताट्यांतून येणाऱ्या हवेतूनच काढून घेतली जाते. मे महिन्याच्या दुपारी आमच्याकडच्या हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते, त्यामुळे पाणी झपाट्याने उडते आणि बाहेरच्या हवेपेक्षा बारा-पंधरा अंशांनी गार झालेला वारा खोलीत येतो. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर काही कामाचा नाही. सातवीच्या वर्गात मी हे पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन शिकवते: एकीला ओला रुमाल गुंडाळायचा, दुसरी तशीच ठेवायची आणि दोन्ही खिडकीत मांडायच्या. तासाभराने मुले बाटल्यांना हात लावतात, आणि घरचा माठ व घरचा कूलर एकाच विद्येवर चालतात हे ध्यानात येताच त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. बाहेरगावचे पाहुणे कूलर लावला की गारवा टिकावा म्हणून समोरची खिडकी मायेने बंद करतात. ती पुन्हा उघडून ओलसर झालेल्या हवेला बाहेर जायला वाट द्यावी लागते, हे समजावून सांगण्याचा मान आमच्या घरात लहान मुलांना दिलेला आहे.

मोठा कूलर दिवसा-रात्रीतून शंभर-दीडशे लिटर पाणी सहज पितो. म्हणूनच मला वाटते की आमच्या उन्हाळ्यातला खरा बदल कूलरने घडवलेला नाही. तो नळाने घडवला. 2019 मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले, त्यानंतर आमच्या गल्लीत घरोघरी नळ आला. तो दिवसाआड येतो, उन्हाळ्यात कधी त्याहून उशिरा. पण तो दारात येतो. त्या आधी उन्हाळ्याचे पाणी म्हणजे डोक्यावर घागरीवर घागर, आमच्या भाषेत गुंडावर गुंड, ठेवून विहिरीवरून केलेल्या खेपा होत्या आणि त्या खेपा बायांच्या होत्या. माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. शेजारच्या एका वहिनींनी त्यांना एकदा हौसेने विचारले, "तुमच्या वक्ताले कूलर असता त किती बरं झालं असतं, नाई जी?" सासूबाई म्हणाल्या, "कूलर असता, पन त्याले पाणी कोनं पाजलं असतं बाई?" हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेले नाही, आणि आमच्या घरी कूलरची टाकी भरण्याची पाळी पुरुषांकडे गेली तिला या वाक्याचेच निमित्त झाले.

नवे घर बांधताना आम्ही मोठ्या हौसेने खोल्या वेगळ्या केल्या होत्या: मुलीला अभ्यासाची, सासूबाईंना देवघराला लागून, आम्हाला आमची. एप्रिल लागला की या सगळ्या खोल्या ओस पडतात, कारण कूलर एकच आहे आणि तो मधल्या खोलीच्या खिडकीला लागलेला असतो. रात्री सारे घर तिथे एका ओळीत झोपते. थेट वारा कोणाच्या अंगावर यावा, टोकाला कोणी झोपावे, पहाटे गारठा वाढल्यावर उठून पंख्याचा वेग कोणी कमी करावा, याचे नियम बोलून ठरलेले नाहीत, पण ते सगळ्यांना ठाऊक असतात. कूलरच्या घरघरीत हळू बोलून ऐकू जात नाही, त्यामुळे जे बोलायचे ते मोठ्याने आणि सगळ्यांसमोर बोलावे लागते. अंधारात, एकमेकांचे चेहरे दिसत नसताना, आमच्या घरातले कितीतरी निर्णय याच खोलीत झाले आहेत: यंदा पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, किती आणि तूर किती, मुलीने वर्ध्याला शिकावे की अमरावतीला, धुऱ्यावरचे वाळलेले बाभळीचे झाड विकावे की ठेवावे. दिवसा दोन वाक्यांपुढे न जाणारा माझा मुलगा या अंधारात तासभर बोलतो. दुसरा कूलर घ्यावा असा विषय अधूनमधून निघतो. पैशांची तशी अडचण नाही. मी मात्र तो विषय उन्हाळा संपेपर्यंत टोलवत नेते, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

मिरगाचे ढग जमू लागले की हवा ओलसर होते, ताट्यांवरचे पाणी उडेनासे होते आणि हाच लाडका कूलर अंगाला चिकट वाटू लागतो. तेव्हा माणसे आपापल्या खोल्यांत परततात.

अंगणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. भारनियमनाच्या वर्षांत गावाकडे दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे, आणि रात्री गल्लीतल्या सगळ्या बाजा अंगणात, रस्त्याच्या कडेपर्यंत मांडलेल्या असत. एका बाजेवरून सुरू झालेली गोष्ट चौथ्या घराच्या बाजेवर जाऊन संपे. नंतर वीज सुधारली, रस्ता सिमेंटचा झाला, घराघरापुढे सिमेंटच्या ठोकळ्यांचे गट्टू बसले, त्यांवर मोटारसायकली आणि एखादा ट्रॅक्टर उभा राहू लागला, आणि सड्याची जमीनच उरली नाही. आता ते दिवस संपले, असे काही वर्षे सगळेच म्हणत. पण स्लॅबच्या घरांना गच्च्या होत्या. ज्यांना कूलरच्या घरघरीत झोप येत नाही, किंवा आकाश पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, अशी माणसे एकेक करून गाद्या घेऊन वर चढू लागली, आणि आमच्या गल्लीचे जुने बोलणे जमिनीवरून उठून दहा फूट वर सुरू झाले. दोन गच्च्यांमधल्या अरुंद बोळावरून आमच्याकडून तिकडे लोणचे जाते आणि तिकडून इकडे चुना-तंबाखू येतो. अंगणात बाजा होत्या तेव्हा वर पाहायला कडुनिंबाची फांदी आडवी येई. गच्चीवरून सप्तर्षी पूर्ण दिसतात, आणि मुलांना ते दाखवताना मला माझे विज्ञानाचे पुस्तक लागत नाही.

वाळवणही असेच वर गेले. कुरडया, पापड, सरगुंडे, मूगवड्या यांसाठी गच्चीसारखी जागा नाही, कारण तिथे कोंबड्या येत नाहीत, कुत्री येत नाहीत आणि ऊन दिवसभर मिळते. वानरे येतात, त्यांच्यासाठी राखणीला एक मूल, एक काठी आणि एक जुनी छत्री एवढा बंदोबस्त करावा लागतो. शेवया आता गिरणीतल्या यंत्रावर होतात, त्याने हाताचे श्रम वाचले. कुरडयांचा चीक मात्र अजूनही पहाटे चुलीवरच शिजतो आणि साच्यातून गच्चीवरच्या धुतल्या धोतरावर उतरतो, आणि त्या गरम चिकाची वाटी तूप-साखर घालून मिळावी म्हणून गल्लीतली सारी लेकरे न बोलावता जिना चढून येतात. ही वाटी पिढ्यान्‌पिढ्या होती तशीच राहिली आहे, आणि तिच्यात कोणी काही सुधारणा करू नये असे माझे मत आहे.

माठाचे पाणी आम्ही अक्षय तृतीयेपासून पितो. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून पूजा होते, आमरसाचा नैवेद्य होतो, आणि तोवर आमच्या घरात आंबा तोंडात घालत नाहीत. घरात फ्रिज आहे आणि मुले त्यातली बाटली काढून पितात, त्याला माझी हरकत नाही. पण फ्रिजचे पाणी कोणत्याही घटकेला तेवढेच गार असते, त्यामुळे त्याची वाट पाहावी लागत नाही. माठाचे पाणी रात्रभरात निवते आणि पहाटे सर्वांत गोड लागते; ज्याला ते हवे असेल त्याने लवकर उठावे. कुंभाराचा टेम्पो आता नळ बसवलेले माठ घेऊन येतो. सासूबाई तरीही बोटाच्या पेराने वाजवून, कानाशी नेऊन माठ निवडतात, आणि विकणारा मुलगा तोवर टेम्पोचे इंजिन बंद करून शांत उभा राहतो.

आमरसाविषयी फार लिहायला लागले तर हा लेख कुठल्या कुठे जाईल. एवढेच सांगते की आमच्याकडची गावरान झाडे नावाने ओळखली जातात, शेंदऱ्या, शेप्या, खोबऱ्या, आणि प्रत्येकाची चव निराळी असते. चांगला रस दोन-तीन झाडांचे आंबे मिसळूनच होतो. कोणत्या झाडाचे किती घ्यायचे हे ज्या घरात ठाऊक असते त्या घरी सरगुंडे आणि रस खायला मुक्कामाला जावे.

हे सारे घरातले झाले. वावरालाही हे ऊन हवे असते. कापसाची वेचणी संपून उलंगवाडी झाली, पऱ्हाटी उपटली, की आमच्या काळ्या जमिनीत पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. नांगरून उघडी टाकलेली माती उन्हात तापते आणि तिच्यात दडलेले गुलाबी बोंडअळीचे कोष वर येऊन मरतात, म्हणून उन्हाळी नांगरटीचा सल्ला सारे कृषी सहायक देतात. संत्र्याच्या बागेत तर मृग बहारासाठी झाडांचे पाणी मुद्दाम तोडून त्यांना ताण द्यावा लागतो. झाडे मे महिन्यात पाने गाळतात, मलूल दिसतात, आणि पाऊस पडताच फुलांनी भरून जातात. ती फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतात. माझे यजमान ताणावर टाकलेल्या बागेत रोज संध्याकाळी जातात, पानांना हात लावून पाहतात आणि ओलिताचा विचार मनात येऊ न देता परत येतात. त्यांच्या या संयमाचे मला कौतुक वाटते, कारण सुकणाऱ्या झाडासमोर हात आवरून उभे राहणे सोपे नाही.

25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा लागतो. तो जितका कडक तपेल तितका पाऊस चांगला, असे जुनी माणसे म्हणतात, त्यामुळे त्या नऊ दिवसांत उकाड्याची तक्रार करणाऱ्यालाही "तपू दे, तपू दे" एवढेच उत्तर मिळते. त्या आधी, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचे पीक-पावसाचे भाकीत वर्तमानपत्रात येते, आणि ते मानणारे व न मानणारे दोन्ही पक्ष गच्चीवर त्याचे वाचन करतात. मग एखाद्या पहाटे पावशा ओरडू लागतो आणि बियाण्यांच्या गोष्टी सुरू होतात.

आमच्या गच्चीच्या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. घर बांधताना स्लॅबपर्यंत पैसे पुरले आणि बाहेरच्या जिन्याचा कठडा राहून गेला, तो राहूनच गेला. त्यामुळे सासूबाईंना वर येता येत नसे. त्या रात्री जिन्याच्या तळाशी बाज टाकून बसत, हातात बॅटरी आणि काठी. वरच्या गप्पा त्यांना अर्ध्या ऐकू येत, म्हणून माझा मुलगा मधल्या पायरीवर बसून वरचे वाक्य खाली आणि खालचे वाक्य वर पोचवी. "आजी म्हणते, त्या घरची पोरगी तवा लहान होती, ते लग्न पह्यलं झालं." वर एकदम शांतता, मग हशा, मग पुढचा प्रश्न खाली. पोराला हे काम आवडे, पण मधल्या पायरीवर त्याला झोप लागली की दोन्हीकडचा संवाद खुंटे.

यंदा होळीनंतर आम्ही वेल्डरला बोलावले. त्याने फीत लावून तीन फुटांवर खूण केली आणि पाइपचा हिशेब मांडू लागला. सासूबाई बाजेवरून उठल्या, काठी भिंतीला टेकवली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि हात जिथे सहज पडला तिथे बोट ठेवून म्हणाल्या, "माह्या हाताले पुरन तिथं लाव गा. तुह्या फुटाचं मले काय करा लागते?" ती जागा त्याच्या खुणेपेक्षा चांगली वीतभर खाली होती. थोडी चर्चा झाली, आणि शेवटी दोन आडवे पाइप लावायचे ठरले, एक त्याच्या खुणेवर आणि एक सासूबाईंच्या बोटावर. काम अक्षय तृतीयेच्या आत पुरे करून देण्याचे त्याने कबूल केले आहे. माझ्या यजमानांनी बाजेची सैल दोरी ताणून घेतली, आणि ती बाज जिन्यावरून वर कशी न्यायची यावर काल रात्री मधल्या खोलीत बराच वेळ बोलणे चालले होते.